खांदा एकच, खेळ तीन



या सदरात आजवर गुडघे झाले, साखर झाली, मोतीबिंदू झाला, आणि आपला दुखरा, आखडलेला खांदा तर दोनदा झाला. आजचा विषयही खांद्याचाच आहे, पण आपल्या नव्हे, नातवंडांच्या. तुम्ही म्हणाल, बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा खांदा कशाला दुखेल? मलाही काही महिन्यांपूर्वी असंच वाटत होतं.

ठाण्याला माझ्या शेजारी एक वहिनी राहतात. त्या आपल्या समाजाच्या नाहीत, पण हे मासिक पोस्टमनकडून त्याच घेतात आणि माझ्या हाती येण्याआधी वाचून काढतात. त्यांचा मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी कुवेतला गेला. मागोमाग सून आणि नात गेली. तिघं अब्बासियात राहतात. सरकारी नकाशावर त्या भागाचं नाव जलीब अल-शुयुख, पण तिथल्या भारतीयांच्या तोंडी अब्बासियाच. विमानतळापासून जवळ, इमारतीला खेटून इमारत, खाली केरळी हॉटेलं, भारतीय किराणा, आणि आसपास भारतीय शाळा.

नात १३ वर्षांची, आठवीत. इथे असताना ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होती. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. अब्बासियाच्या शाळेत सॉफ्टबॉल नाही. म्हणून ती थ्रोबॉल खेळू लागली, आणि संध्याकाळी क्रिकेटच्या क्लासला जाऊन वेगवान गोलंदाजी करू लागली. सॉफ्टबॉलही सुटला नव्हता. सुट्टीत भारतात येऊन जिल्ह्याच्या निवड चाचणीला उतरायचं, या जिद्दीने ती इमारतीच्या आवारात भिंतीवर खडूने चौकोन आखून रोज चेंडू टाकायची.

वहिनींचा नातीला रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल असतो. तिथे तेव्हा सात वाजलेले असतात. एका रात्री त्यांनी पाहिलं, पोर डाव्या हाताने केस विंचरत होती.

"का गं, उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही आजी, सवय करतेय."

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. "ताई, वरून फेकणाऱ्यांचा खांदा जातो, हे ऐकलंय. पण सॉफ्टबॉलचा चेंडू तर खालून टाकतात ना? त्याने कसा दुखेल?"

आणि मी, चाळीस वर्षं फिजिओथेरपी केलेली बाई, "हो, खालून टाकण्याने काही होत नाही, चार दिवस शेकायला सांगा," असं म्हणून मोकळी झाले. तिला तपासलं नाही, चार प्रश्नही विचारले नाहीत. ते माझं चुकलं. तीन आठवड्यांनी पोरीला झोपेत कूस बदलतानाही कळ येऊ लागली, तेव्हा मी पुस्तकं काढून बसले. त्यातून जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

खालून टाकणं म्हणजे गोफणच

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेत शिकागोला एका सभागृहात, बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून आणि काठी घेऊन तो पहिल्यांदा खेळला गेला, असं सांगतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल प्रथम आला. महाराष्ट्रात शाळा-शाळांतून मुली तो खेळतात. नावात 'सॉफ्ट' असलं, तरी चेंडू मऊ नसतो. मोठ्या मुलींच्या सामन्यातला चेंडू साधारण १८० ते २०० ग्रॅमचा असतो. महिला क्रिकेटचा चेंडू त्याहून हलका, १४० ते १५० ग्रॅमच्या आसपास.

पिचरचा हात कमरेच्या पुढून वर जातो, डोक्यावरून मागे येतो आणि पूर्ण चक्कर मारून मांडीजवळ चेंडू सोडतो. पाहणाऱ्याला ते सहज वाटतं. पण आपल्यापैकी ज्यांचं लहानपण कोकणात गेलं, त्यांनी शेतावर पाखरं हाकायची गोफण पाहिली असेल. दावीदाने गोल्याथवर चालवली, तीच ही गोफण. ती गरगर फिरते, तेव्हा दगड बाहेर पळू पाहतो आणि दोरी ताणली जाते. पिचरच्या बाबतीत दोरीच्या जागी हात असतो, आणि त्या दोरीचं वरचं टोक खांद्यात अडकवलेलं असतं.

१९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या पिचर बायकांचं चित्रीकरण करून अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हा ताण मोजला. पुढे शाळकरी वयाच्या पिचर मुलींचाही मोजला. हात खांद्यातून उपसू पाहणारी ओढ जवळपास त्या मुलीच्या स्वतःच्या वजनाइतकी भरली. वरून फेकणाऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या खांद्यावर येणाऱ्या ताणाशी ती तुलना करण्यासारखी होती. म्हणजे ४० किलोची पोर असेल, तर प्रत्येक चेंडूला क्षणभर खांद्यावर ४० किलोच्या आसपास ओढ. आणि ७ डावांच्या एका सामन्यात पिचरचे शंभर चेंडू सहज होतात. स्पर्धेत एका दिवशी दोन सामने असले आणि संघात चांगली पिचर एकच असली, तर दोन्ही सामने तीच टाकते.

'खालून टाकलं की खांदा सुरक्षित' या समजुतीमुळे आणखी एक गोष्ट झाली. बेसबॉलमध्ये मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकावेत, याच्या मर्यादा ठरल्या. सॉफ्टबॉलमध्ये सगळीकडे मानली जाईल अशी मर्यादाच रूढ झाली नाही. कोणी मोजत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

खांद्याच्या आत काय असतं

चहाच्या उथळ बशीत मोसंबं ठेवा. खांदा तसा असतो. दंडाच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे मोसंबं, आणि खवाट्याच्या हाडावरची छोटी खोबण म्हणजे बशी. बशी उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो. त्यामुळेच मोसंबं घसरण्याची भीतीही असते. ते जागेवर धरायला बशीभोवती कूर्चेची कड असते आणि चार छोटे स्नायू हाडाच्या टोकाला शर्टाच्या कफासारखा वेढा घालतात. दंडाच्या पुढचा, बेटकुळीचा जो स्नायू आहे, त्याची एक दोरी थेट बशीच्या वरच्या कडेला बांधलेली असते. गोफणीसारखा हात फिरवताना या दोरीवर फार ताण येतो. म्हणून पिचर मुली बऱ्याचदा खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून "इथे दुखतं" म्हणतात.

मोठ्या माणसात अति वापराने हे स्नायू, ही दोरी किंवा ही कड दुखावते. वाढत्या मुलांत मात्र आणखी एक नाजूक जागा असते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकापाशी कूर्चेचा एक थर असतो. त्याला आपण वाढीची चकती म्हणू. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ या एका चकतीतून होते. मुलींमध्ये ती साधारण १४ ते १७ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १६ ते १८ व्या वर्षी हाडात विरून जाते. तोवर त्या खांद्यातला सगळ्यात कच्चा दुवा तीच. दोरी आणि हाड पक्कं असतं, चकती ओली असते. रोज रोज पीळ बसला, की ती सैल पडते, सुजते, रुंदावते. १९५३ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांच्या एका बेसबॉल पिचरच्या खांद्यात हा प्रकार प्रथम नोंदला गेला. तिथल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेच्या नावावरून डॉक्टर आजही त्याला 'लिटल लीग शोल्डर' म्हणतात. नाव बेसबॉलचं असलं, तरी वरून फेकण्याच्या कुठल्याही खेळात तो होऊ शकतो.

हिशेब कोणीच केला नव्हता

दुखणं कळल्यावर मी वहिनींना म्हटलं, पोरीचा एक आठवडा मला लिहून द्या. सोमवारपासून रविवारपर्यंत, हाताने काय काय फेकलं ते सगळं. वहिनींनी फोनवर विचारून विचारून दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर मागच्या बाजूला लिहिलं. ते असं:

शाळेत थ्रोबॉलचा सराव, आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी सुमारे ८० फेकी: २४०.

क्रिकेटचा क्लास, २ संध्याकाळी, दर वेळी ६ षटकं: ७२ चेंडू.

त्याच क्लासात क्षेत्ररक्षणाचा सराव, दर वेळी ३० फेकी: ६०.

शुक्रवारी सामना, ४ षटकं आणि सीमेवरून २० फेकी: ४४.

आवारात एकटीने पिचिंग, ५ दिवस, रोज ६०: ३००.

एकूण ७१६.

थ्रोबॉलच्या सरांना त्यातले २४० माहीत होते. क्रिकेटच्या सरांना १७६ माहीत होते. आवारातले ३०० कोणालाच माहीत नव्हते, कारण ते तिचे स्वतःचे होते. दोन्ही सर भले माणूस. दोघांनीही आपापल्या खेळात काही जास्त करून घेतलं नव्हतं. थ्रोबॉलच्या सरांना वाटे, पोर क्रिकेट खेळते, म्हणजे तंदुरुस्त आहे. क्रिकेटच्या सरांना वाटे, शाळेत थ्रोबॉल म्हणजे गंमत. पण थ्रोबॉलमध्ये चेंडू खांद्याच्या वरूनच फेकावा लागतो. सर्व्हिसही वरूनच. गोलंदाजीत हात वरून, क्षेत्ररक्षणात वरून, पिचिंगमध्ये पूर्ण चक्कर. खेळ तीन होते, पण खांदा एकच होता, आणि त्याला आठवड्यातल्या सातही दिवसांत एकही सुट्टी नव्हती.

त्यात अब्बासियाच्या हवेचीही भर. कुवेतमधला उन्हाळा आपल्या विदर्भाला लाजवेल असा. २१ जुलै २०१६ रोजी तिथल्या मितरिबाह या ठिकाणी ५३.९ अंशांची नोंद झाली आहे. साहजिकच मैदानी खेळ चालतात ते मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. शाळेच्या स्पर्धा, क्लासचे सामने, सुट्टीच्या शुक्रवार-शनिवारची क्रिकेट, सगळं त्याच चार-पाच महिन्यांत कोंबलं जातं. आणि उन्हाळ्यात हाताला विसावा मिळावा, तर तीच भारतात यायची सुट्टी, तेव्हा इथलं शिबिर, इथली निवड चाचणी. एका देशाचा हंगाम संपला, की दुसऱ्याचा सुरू.

मग एकच खेळ खेळावा का?

नाही. हा अर्थ कृपा करून काढू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत उलट आहे. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलांनी एकाच खेळाला जुंपून घेऊ नये, वेगवेगळे खेळ खेळावेत. त्याने शरीर चौफेर घडतं आणि मनही विटत नाही. अट इतकीच की खेळ खरोखर वेगवेगळे हवेत. पिचिंगबरोबर फुटबॉल, खो-खो, धावणं असेल, तर पाय राबतात आणि खांदा विसावतो. पिचिंगबरोबर थ्रोबॉल, गोलंदाजी, भालाफेक, किंवा जोरदार पोहणंसुद्धा, म्हणजे त्याच बैलाला तीन शेतांत जुंपणं. आपण म्हणतो, "पोर काय हुशार, तीन-तीन खेळ खेळते!" त्या कौतुकाबरोबर एक प्रश्न विचारायला हवा: तिन्ही खेळांत राबणारा अवयव कोणता?

आजी-आजोबांना दिसणाऱ्या खुणा

मुलं दुखणं लपवतात. संघातून वगळतील ही भीती असते. आई-बाप नोकरीच्या घाईत. पण आपल्याकडे वेळ आहे आणि निरखायची सवय आहे. या खुणा व्हिडिओ कॉलवरही दिसतात:

• केस विंचरताना, दप्तर अडकवताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना दुसरा हात वापरणं.

• खेळल्यानंतर दंडाच्या वरच्या भागात किंवा खांद्याच्या पुढे दुखणं. आधी खेळ संपल्यावर, मग दुसऱ्या दिवशीही, मग खेळतानाच, अशी ही पायरी चढते. पहिल्या पायरीवर पकडलं, तर लवकर सुटका होते.

• चेंडूचा वेग कमी होणं, नेम चुकू लागणं, टाकण्याची ढब बदलणं. "हल्ली फॉर्म गेलाय" असं मूल म्हणालं, तर आधी खांद्याची चौकशी करा.

• त्या कुशीवर झोपता न येणं.

• आवडता सराव टाळण्यासाठी सबबी सांगणं.

आणि या खुणा दिसल्या, तर दिवस न दवडता डॉक्टर: न खेळताही रात्री जागवणारं दुखणं, सूज, ताप, वजन उतरणं, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, फेकताना अचानक 'कट्' आवाज होऊन हात न उचलणं. मुलीची पाळी सुरू होऊन पुन्हा काही महिने बंद पडली असेल, किंवा ती खूप खेळते आणि नीट जेवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. खर्च जास्त आणि पोषण कमी, अशा शरीरात हाडं कच्ची राहतात. ही गोष्ट नात आईपेक्षा आजीला लवकर सांगते.

आपले उपाय त्यांना लावू नका

हे मी मुद्दाम ठळक सांगते, कारण यात आपलीच पिढी चुकते. आपल्या वयात खांदा आखडतो, तेव्हा आम्हीच तुम्हाला सांगतो, हात फिरवत राहा, भिंतीवर बोटं चढवा, थोडं दुखलं तरी थांबू नका. मुलाचा खांदा आखडलेला नसतो, तो ताणाने थकलेला असतो. त्याला "फिरव, फिरव, मोकळा होईल" असं सांगणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. वहिनींनीही पहिल्या आठवड्यात तेच सांगितलं होतं, आणि शेकायचा सल्ला माझा.

दुखऱ्या खांद्याला जोरजोरात रगडून मालीश नको. हाडं बसवणाऱ्याकडून झटका तर मुळीच नको. वाढीची चकती सैल असताना तो धोक्याचा. हलक्या हाताने तेल लावलंत, तर हरकत नाही, पोरीला बरं वाटेल; पण त्याला उपचार समजू नका. खेळून आल्यावर दुखत असेल, तर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवता येतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखण्याची गोळी देऊन सामन्याला उभं करणं. दुखणं हा पहारेकरी आहे. त्याला झोपवलं, तर चोराचं काम सोपं होतं.

डॉक्टर काय करतात

हाडांचे डॉक्टर खांदा फिरवून, दाबून, ताकद पाहून तपासतात. गरज वाटली, तर एक्स-रे काढतात, आणि बहुधा दोन्ही खांद्यांचा. कारण चकती रुंदावली आहे का, हे दुसऱ्या खांद्याशी तुलना केल्यावरच नीट कळतं. स्नायू किंवा कडेची शंका असेल, तर एमआरआय. ऑपरेशनची वेळ अशा मुलांवर क्वचित येते.

वहिनींच्या नातीला तिच्या आई-बापाने तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेमध्ये उजव्या दंडाची चकती डाव्यापेक्षा रुंद दिसली. औषध एकच: तीन महिने काहीही फेकायचं नाही. थ्रोबॉल नाही, गोलंदाजी नाही, पिचिंग नाही. या दुखण्यात साधारण एवढा काळ लागतोच. पोर दोन दिवस जेवली नाही. निवड चाचणी हुकणार, हे तिला कळलं होतं.

पण फेकणं बंद म्हणजे खेळ बंद नव्हे, हे तिला समजावणं महत्त्वाचं ठरलं. पळायला, पायाचे व्यायाम करायला, पोट-पाठ-कंबर मजबूत करायला बंदी नसते. आणि त्याचीच तिला गरज होती. जात्यावर दळलेल्या बायकांना हे लगेच कळेल. नवखी पोर मनगटाच्या जोरावर जातं ओढते आणि पाच मिनिटांत थकते. जाणती बाई कमरेतून झुलते, हात फक्त खुंटा धरतो. पिचिंगमध्येही जोर पायातून आणि कमरेतून यायला हवा. पाय आणि कंबर कच्ची असली, की सगळं काम खांद्याच्या बोकांडी बसतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट खांद्याबरोबर खवाट्याचे, पोटाचे आणि पायांचे व्यायाम देतात.

त्यातला एक आपणही करू शकतो. ताठ बसा, हात मांडीवर, दोन्ही खवाटे हळूच मागे एकमेकांकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. वहिनी तो रोज व्हिडिओ कॉलवर नातीबरोबर करतात. नातीचा व्यायाम चुकत नाही, आणि वहिनींची पाठ पूर्वीपेक्षा ताठ झाली आहे.

दुखणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर फेकणं हळूहळू सुरू होतं. आधी जवळून, हलक्या हाताने, एक दिवसाआड, थोडेच चेंडू. दुखलं नाही, तर आठवड्या-आठवड्याने अंतर, मग वेग, मग संख्या. दुखलं, तर एक पायरी खाली. यात आणखी काही आठवडे जातात. घाई केली, तर पुन्हा पहिल्यापासून.

मर्यादा किती?

लक्षात ठेवायला सोपे आकडे देते. नातवंडं कुठेही असोत, हे उपयोगी पडतील.

• जितकं वय, आठवड्याला तितकेच तास. १३ वर्षांच्या मुलाने सगळे शिकवणीचे खेळ मिळून आठवड्याला १३ तासांहून जास्त खेळू नये. वहिनींच्या नातीचे सव्वासोळा तास होत होते.

• आठवड्यातून एक, शक्यतो दोन दिवस पूर्ण विश्रांती.

• वर्षातून दोन ते तीन महिने त्या खेळाला सुट्टी. ते सलग नसले, एकेका महिन्याचे तुकडे असले, तरी चालतात.

• अमेरिकेत बेसबॉलच्या मुलांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ११-१२ वर्षांना ८५ चेंडू आणि १३ ते १६ वर्षांना ९५. त्यानंतर चेंडूंच्या संख्येनुसार सक्तीचे विश्रांतीचे दिवस. सॉफ्टबॉलच्या मुलींसाठी याहून जास्त नको, एवढं तरी धरावं.

• इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शक नियमांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका टप्प्यात ५ आणि दिवसात १० षटकं, तर १५ वर्षांखालील मुलाला ६ आणि १२ षटकं अशी मर्यादा आहे.

या मर्यादा एकेका खेळाच्या आहेत. दोन खेळ असतील, तर दोघांची बेरीज करून मग मर्यादा पाहायची. ही बेरीज कुठलेही सर करणार नाहीत, कारण प्रत्येकाकडे एकच वही असते. ती घरातच कोणीतरी करायला हवी. आपल्याला दुधाचा, धोब्याचा, गॅसच्या सिलिंडरचा हिशेब कॅलेंडरवर ठेवायची सवय आहे. त्याच कॅलेंडरवर नातवंडाच्या फेकींचा आकडा रोज लिहा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. ती मागच्या आठवड्यापेक्षा एकदम वाढली असेल, तर आई-बापाच्या कानावर घाला, आणि त्यांना म्हणा, दोन्ही सरांना एकमेकांचा आकडा सांगा.

विश्रांतीच्या दिवसाबद्दल आपल्याला तर कोणी शिकवायला नको. कोकणात आपल्या पूर्वजांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. आठवडाभर घाणा, शनिवारी घाणा बंद. शब्बाथचा विसावा तोराहने घरातल्या माणसांबरोबर बैलालाही दिला आहे. तो बैल दुसऱ्या दिवशी कमी तेल काढत होता, असं काही कोणी लिहून ठेवलेलं नाही. वाढतं हाड तसंच असतं. ते खेळताना नव्हे, विसाव्याच्या वेळी भरून येतं.

वहिनींच्या नातीची यंदाची निवड चाचणी हुकली, ती हुकलीच. पण दुखणं गेलं आहे. आता ती एक दिवसाआड हलक्या हाताने वीस चेंडू टाकते. थ्रोबॉल तिने स्वतःहून सोडला आणि शाळेच्या धावण्याच्या संघात नाव दिलं. क्रिकेट पुढच्या हंगामात बघू, असं ठरलंय. रात्री साडेनऊला फोन येतो, तेव्हा वहिनी आधी "जेवलीस का?" विचारतात, मग "आज किती?" आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात. परवा पोर म्हणाली, "आजी, वीसच गं, शपथ." वहिनींनी वीस लिहिलं आणि सुनेला मागून विचारून घेतलं. वीसच होते.

तुमच्याही घरात फेकणारं कोणी असेल, तर आज रात्रीच्या फोनवर एवढं विचाराच: कोण कोणते खेळ, किती दिवस, आणि केस कुठल्या हाताने विंचरतेस?

पुढच्या अंकी भेटू. तब्येत सांभाळा. शालोम.

(या सदरातली माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष दुखण्यासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)